डाव्या खांद्याचा कापूस

"तुमचं लग्न झालेलं आहे," कारकून म्हणाला.

"अजून कुठलं," मास्तर लाजून म्हणाला. "त्यासाठीच तर आलोय."

कारकुनानं चष्मा कपाळावर ढकलला, समोरच्या पडद्यात पुन्हा डोकं घातलं आणि आवाज खाली आणला. दुसऱ्याच्या घरातली भानगड सांगताना माणूस आणतो तसा. "यांच्याशी नाही म्हणत मी. आधीच झालंय, दुसऱ्या एका बाईंशी. इथंच, याच कार्यालयात. नाव तुमचं, जन्मतारीख तुमची, ओळखपत्राचा नंबरही तुमचाच."

मास्तरच्या तोंडावरचं लाजणं जागच्या जागी राहिलं. कपडा तयार झाला तरी एखादा कच्चा दोरा काढायचा राहून जातो ना, तसं. शेजारच्या खुर्चीत सिस्टर बसली होती, म्हणजे जिच्याशी त्याचं लग्न नोंदवायला आम्ही आलो होतो ती. तिनं मांडीवरची पर्स उचलून खांद्याला अडकवली. तिचा पहिला नवरा दुसऱ्या गावात दुसरा संसार ठेवून होता, आणि हेही तिला पूर्वी असंच एका सरकारी टेबलासमोर कळलं होतं.

साक्षीदार मी होतो. मी शेजारचा किल्लीवाला. माझं दुकान म्हणजे मास्तरच्या भिंतीला चिकटवलेलं एक कपाट आहे. शिंक आली तर मला आधी बाहेर यावं लागतं. गल्लीत माझं बोलणं कोणी फारसं खरं धरत नाही. मी एकदा बिनदातांची किल्ली केली होती, ती नुसती दाखवली तरी कुलूप घाबरून उघडायचं, हे मी शपथेवर सांगतो तरी लोक हसतात. पण ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच सांगायला अवघड. खोट्याला आपल्याला हवा तो शेवट लावता येतो.

मास्तर शिंपी. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला होता आणि गल्ली त्याला उद्यामास्तर म्हणायची. कपडे कधी मिळतील असं विचारलं की तोंडातली टाचणी बाहेर न काढता तो म्हणायचा, "उद्या." एकानं स्वतःच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला कोट त्याच्या मुलाला लग्नात अगदी अंगासरसा बसला. ही गोष्ट मी जरा ताणली आहे, पण कापड चांगलं असलं की ताण सोसतं.

हात मात्र सोन्याचा. त्याच्या उस्तादानं त्याला एक नियम घालून दिला होता: रिकामा खिसा तपासला म्हणजे तपासलाच नाही. त्यामुळं कोटाचा आतला खिसा शिवून झाला की मास्तर स्वतःचं ओळखपत्र त्यात घालायचा, कोट अंगात चढवायचा आणि आरशासमोर उभा राहून वाकायचा, हात वर करायचा. कार्ड टोचलं नाही, बाहेरून दिसलं नाही आणि हात घालताच बोटांत आलं, की खिसा पास. मग कार्ड पुन्हा टेबलावर, खडूच्या डबीशेजारी. गल्लीतल्या निम्म्या पुरुषांच्या छातीवर आधी मास्तरचं नाव जाऊन आलं होतं आणि मग त्यांची स्वतःची पाकिटं.

एके दिवशी एका गिऱ्हाईकाचा करडा कोट तयार झाला. माणूस देखणा, जीभ लोण्याची, शर्टाला अशी इस्त्री की घडीवर भाजी चिरावी. मास्तरनं कार्ड खिशात घातलं, कोट चढवून आरशासमोर वाकला, आणि तेवढ्यात दारात सिस्टर उभी राहिली. समोरच्या इस्पितळातली नर्स. गणवेशाचं बटण तुटलं होतं आणि ड्युटीला उशीर होत होता. मास्तरनं कोट उतरवून खुंटीला लावला, बटण हातात घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा "उद्या" म्हणाला नाही. तो बटण लावत होता तेव्हाच देखणा माणूस आला, स्वतःच खुंटीवरचा कोट काढून त्यानं अंगात घातला, वा वा म्हणाला आणि गेला. मास्तरनं मान वर केली नाही. सुईत दोरा होता आणि सुईच्या पलीकडं सिस्टर.

अशा रीतीनं मास्तरचं काळीज आणि ओळखपत्र एकाच दिवशी गेलं. त्यातल्या एकाचाच पत्ता त्याला लागला.

कार्ड कोटाबरोबर गेलं हे कळल्यावर मी म्हणालो, पोलिसात सांगून ये. मास्तर म्हणाला, जातो उद्या. गिऱ्हाईकाचं नावगाव त्यानं लिहून घेतलं नव्हतं, पण त्याचं म्हणणं असं की तो माणूसच आणून देईल. एवढी इस्त्री असलेला माणूस खोटा नसतो. पुढं नवीन कार्ड काढायला गेला तेव्हा खिडकीतल्या बाईनं विचारलं, चोरीला गेलं का, तक्रार केली का. मास्तर म्हणाला, घरातच कुठंतरी पडलं असेल. कारण घरात हरवलं म्हटलं की पोलिसांचा कागद लागत नाही. नवं कार्ड आलं. नंबर तोच.

मग अधूनमधून गमती व्हायला लागल्या. नवा फोन नंबर घेतल्याबद्दल एका कंपनीनं पत्र पाठवून मास्तरचं अभिनंदन केलं. एकदा हवालदार आला आणि भाड्याची खोली सोडताना घरमालकाचा पंखा का नेलात म्हणून दरडावू लागला. मास्तरनं वर बोट दाखवलं. दुकानातला पंखा त्याच्या आजोबांच्या वयाचा होता आणि तेवढ्याच वेगानं चालायचा. तो बघून हवालदारच ओशाळला आणि गेला. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसायला नको होतं, हे आता कळतं. आपल्या नावानं कुणीतरी गावभर हिंडतंय, खोल्या घेतंय, पंखे नेतंय, आणि आपण मात्र इकडं काजं शिवत बसलोय.

सिस्टरची बटणंही तुटत राहिली. इतकी बटणं एका गणवेशाला नसतात. जिला सगळं जग सिस्टर म्हणतं तिला लग्नाचं कसं विचारायचं, या विचारात मास्तरची काही वर्षं गेली. शेवटी तीच एकदा सुईकडं बघत म्हणाली, "मास्तर, तुम्ही विचारणार आहात की मी निवृत्त होऊ?" मास्तरनं तोंड उघडलं. "आणि उद्या म्हणू नका," ती म्हणाली.

असे आम्ही त्या टेबलासमोर पोचलो होतो.

मास्तरनं घडलेलं सगळं सांगितलं. कोट, खिसा, कार्ड. ऐकताना मलाच ते माझ्या गोष्टींसारखं वाटत होतं. आतले साहेब बाहेर आले, त्यांनीही ऐकून घेतलं आणि म्हणाले की तक्रार करा, पण तेवढ्यानं जुनी नोंद निघणार नाही. त्या बाईंनी स्वतः इथं येऊन, तुमच्याकडं बघून, हा तो माणूस नव्हे असं लिहून द्यायला हवं. नाहीतर कोर्ट. कोर्टातला उद्या तुमच्या उद्यापेक्षा लांब असतो. हे शेवटचं साहेब म्हणाले नाहीत, मी म्हणालो.

"त्या बाईंचा पत्ता?" सिस्टरनं विचारलं.

नियमात बसत नाही, कारकून म्हणाला. मग त्यानं पडदा आमच्याकडं थोडा तिरका केला आणि पाणी प्यायला उठून गेला.

"मी उद्या जाऊन..." मास्तरनं सुरुवात केली.

"आत्ता," सिस्टर म्हणाली.

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मास्तर पुढच्या बाकावर एकटा. वाटेत ती एकदाच बोलली, तीही खिडकीकडं तोंड करून. "काका, तुम्ही खोटं फार बोलता. यातलं किती तुम्ही घातलंय?" मी म्हणालो, काहीच नाही. ती म्हणाली, तेच पटत नाही.

पत्ता एका बेकरीच्या वरच्या खोलीचा होता. जिना पावाच्या वासानं भरलेला. वर दाराला पितळी पाटी, आणि पाटीवर मास्तरचं नाव. त्याच्या स्वतःच्या दुकानावर ते वाचता येत नव्हतं. इथं कोणीतरी रोज घासत असावं असं लखलखत होतं. मास्तर त्या पाटीसमोर उभा राहिला तो हलेचना. दार शेवटी मी वाजवलं.

दार उघडणारी बाई खालच्या बेकरीतच कामाला होती. मनगटांपर्यंत पीठ होतं. मास्तरकडं तिनं परक्याकडं बघावं तसं बघितलं आणि विचारलं, कोण हवंय? मी पाटीकडं बोट केलं. ती म्हणाली, "ते नाहीत. बोटीवर असतात. येतील आता." हे ती इतक्या सराईतपणे म्हणाली की आधी किती जणांना सांगून झालं असेल ते समजलं.

मास्तरचं लक्ष तिच्या खांद्यावरून आत गेलं होतं. भिंतीच्या खुंटीवर करडा कोट होता. तो सरळ आत शिरला. असा न विचारता कोणाच्या घरात शिरणारा माणूस नव्हे तो. त्यानं कोटाची कॉलर उलटी केली. खाली एक लाल टाका होता, त्याच्या हातच्या प्रत्येक कोटाला असतो तो. "हा मी शिवलाय," तो म्हणाला. मग कोटाचा खांदा चाचपत, "त्यांचा डावा खांदा उतरता आहे ना? बोटभर. म्हणून इथं कापसाची जास्तीची गादी घातलीय."

बाई खाली बसली. जवळ खुर्ची होती, पण ती जमिनीवर बसली.

"तुम्हाला कसं ठाऊक?" ती म्हणाली. "ते कुणाला कळू द्यायचे नाहीत. घरातसुद्धा शर्ट घालूनच वावरायचे."

"मापं मी घेतली होती."

एका माणसाला जगात दोघंच नीट ओळखत होती, एक टेपानं आणि एक संसारानं. आणि दोघांनाही त्याचं नाव माहीत नव्हतं. मास्तरनं आपलं कार्ड काढून तिच्यापुढं धरलं. तिनं पीठ पदराला पुसलं, कार्ड वाचलं, मान वळवून उघड्या दारावरची पाटी वाचली, पुन्हा कार्ड वाचलं.

सिस्टरनं पर्स खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली आणि ती बाईशेजारी बसली. मास्तरनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

बाई तुटक तुटक सांगत गेली. तो रोज पाव घ्यायला यायचा, हसवायचा. ती एकटी, लोक फसवतात हे तिनं ऐकलं होतं, म्हणून तिनं अट घातली की आधी कार्यालयात नोंद आणि मगच घरात पाऊल. "कार्ड मी उजेडात धरून बघितलं," ती म्हणाली. "फोटोत काय, माणूस कसाही दिसतो. पण कार्ड खरं होतं."

"कार्ड खरंच होतं," मास्तर खालच्या मानेनं म्हणाला.

"वाईट वागले नाहीत कधी. बोटीवर जायचे, यायचे. मागच्या उन्हाळ्यात गेले ते गेले."

"जाताना काही नेलं?" सिस्टरनं विचारलं.

"पंखा," बाई म्हणाली. "दुरुस्त करून आणतो म्हणाले. कोट ठेवून गेले, म्हणून मला वाटलं, थंडीला येतील."

कोणी हसलं नाही. आम्ही का आलो ते सिस्टरनंच सांगितलं, तापाचा आकडा सांगावा तसं, न वाढवता न कमी करता. कार्यालयात येऊन एवढंच म्हणायचं, की हे ते नाहीत.

"मी म्हटलं की काय होईल?"

"यांचं नाव मोकळं होईल."

"आणि माझं?"

सिस्टरनं तिचा हात हातात घेतला. "तुमचं लग्न झालंच नव्हतं, असं होईल."

खालून कोणीतरी भट्टीच्या दाराची कडी वाजवून तिला हाक मारली, मास्तरचंच आडनाव लावून. ती ओ देऊन उठली. दारात म्हणाली, "उद्या सांगते."

गल्लीभर उद्या वाटत फिरलेल्या माणसाच्या पदरात अखेर कुणीतरी तो परत टाकला.

मास्तरनं त्याच संध्याकाळी पोलिसात तक्रार दिली. तिथल्या माणसानं इतक्या वर्षांनी का आलात म्हणून सुनावलं आणि मास्तरनं ते खाली मान घालून ऐकलं. उद्या आला आणि गेला, त्यानंतरचेही गेले, बाई आली नाही. मी म्हणालो, चल, जाऊन विचारू. मास्तर म्हणाला, नको काका, ती काय देतेय ते तरी बघा. आणि दुपारची शिवणं तो सकाळीच द्यायला लागला. गल्ली हादरली. कपडे सांगितल्या वेळेला मिळतात म्हणजे मास्तर दुकान बंद करतोय अशी आवई उठली. दोघं-तिघं तर मला हळूच विचारून गेले, आजार काय आहे.

सिस्टर यायची, बाकावर बसायची, चहा प्यायची. एकदा मास्तर तिला म्हणाला, "तुम्ही वाट बघू नका."

"बघत नाहीये," ती म्हणाली. "बसलेय."

आणि मग एका सकाळी बाई आली. हातावर घडी घातलेला कोट, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ते तिनं आधी टेबलावर ठेवलं. पाटी होती. "तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "माझ्याकडं कशाला." मग कोट पुढं केला. "याचं माझ्या मापाचं काही होईल का? कापड चांगलं आहे. थंडी तर मलाही वाजते."

कार्यालयात साहेबांसमोर तिनं मास्तरकडं नीट तोंड वळवून पाहिलं आणि म्हणाली, हे ते नाहीत. कारकुनानं लिहून घेताना नाव विचारलं. तिनं सवयीनं सांगायला सुरुवात केली, मध्येच थांबली, आणि मग वडिलांचं नाव लावून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कारकुनानं आधीचा कागद न कुरकुरता फाडला आणि नवीन घेतला.

नोंद निघायला वेळ लागला, पण निघाली. तो माणूस काही सापडला नाही. गावात कुठं पंखा चोरीला गेल्याचं ऐकलं की मी अजून कान टवकारतो.

कोटाचं काम मास्तरनं मन लावून केलं. पुरुषाच्या कोटाची बटणं बाईच्या बाजूला नेली, जुनी काजं अशी बुजवली की ती तिथं होती हे खुद्द कापडही विसरलं. बाह्या आखडल्या, कंबर घेतली, खांदे सोडवले. लग्नाच्या आदल्या दुपारी बाई शेवटचं माप बघायला आली. सिस्टरही होती. दुसरी साक्षीदार बाईच व्हायची होती; सिस्टरनंच तिला विचारलं होतं.

कोट अंगात घालून ती आरशासमोर उभी राहिली. सवयीनं मास्तरचा हात खडूच्या डबीकडं गेला. तिथं काही नव्हतं. त्याचं कार्ड हल्ली सिस्टरच्या पर्समध्ये राहायचं, आणि ते मागायची त्याची छाती नव्हती. तो नुसताच उभा राहिला.

"खिसा का?" सिस्टर म्हणाली. ती पर्स उघडणार तोच बाईनं स्वतःच्या पिशवीतून कार्ड काढलं. नवं होतं, कोपरे अजून टोकदार. तिनं ते आतल्या खिशात घातलं. वाकली, दोन्ही हात वर केले, हात घालून बाहेर काढलं आणि पुन्हा आत ठेवलं.

"पास," मी म्हणालो.

"उद्या सकाळी मग," मास्तर म्हणाला. हा त्याचा उद्या मी पहिल्यांदाच खरा धरला.

बाई गेली. मास्तर टेबल आवरायला लागला; दोऱ्याचे तुकडे, कापडाच्या पट्ट्या, डाव्या खांद्यातून काढलेली कापसाची गादी. इतक्या वर्षांत ती एका बाजूनं दबून खांद्याच्याच आकाराची झाली होती. त्यानं सगळं एकत्र करून डब्याकडं नेलं, तेवढ्यात बाई दारात परत आली.

"तो कापूस," ती म्हणाली. "टाकला का?"

मास्तरनं डब्यात वाकून चिंध्यांतून कापूस वेगळा केला, फुंकर मारून दोरे उडवले आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटासुलटा पाहिला, कोटाचं एक बटण काढलं आणि आतल्या खिशात, कार्डाच्या मागं, सारून दिला. बाहेरून काही दिसत नव्हतं.